जिंकलेल्या सैनिकाविरुद्ध सरकारचे अपील

सैनिकाची अपंगत्व पेन्शन रखडली की साधारण समजूत अशी असते, की प्रयागराजच्या (पूर्वीच्या अलाहाबादच्या) लष्करी पेन्शन कार्यालयात कुठल्या तरी टेबलावर फाइल पडून असेल, एखादा कागद कमी असेल, कारकून लक्ष देत नसेल. तसे होतेही. पण कागद कमी असल्याने वाया गेलेला वेळ महिन्यांत मोजता येतो. वर्षे जातात ती दुसरीकडे. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ फॉर्मवर कारण न देता एक ओळ लिहिते, तिथे पहिली गाठ बसते. त्या ओळीचा फोलपणा सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने दाखवून दिल्यावरही सरकार वरच्या कोर्टात जाते, तिथे दुसरी. दोन्ही गोष्टी संरक्षण मंत्रालयाच्या हातातल्या आहेत. त्या सुधारायला न्यायाधीशांची संख्या वाढेपर्यंत थांबावे लागत नाही. म्हणून या विलंबाचे खापर ‘यंत्रणे’वर फोडणे आम्हाला मान्य नाही. तो माणसांनी सही करून घेतलेल्या निर्णयांतून येतो, आणि असे निर्णय बदलता येतात.

आधी हक्क काय आहे ते पाहू. सेनेतून बाहेर पडणाऱ्याला अपंगत्व पेन्शन मिळण्यासाठी अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते, आणि ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे लागते. यातला ‘बळावलेले’ हा भाग फार मोलाचा आहे. आजाराचे बीज शरीरात असेलही, पण बर्फात, उंचावर, रात्रीच्या पहाऱ्यात, घरापासून तुटलेल्या अवस्थेत तो वाढला, तरी हक्क तयार होतो. १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये, म्हणजे पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या नियमांत, हे सैनिकाच्या बाजूने स्पष्ट लिहिले होते. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतलेला माणूस धडधाकट होता असे धरायचे. तेव्हाच्या कागदांत आजाराची नोंद नसेल आणि पुढे तब्येतीच्या कारणावरून त्याला काढावे लागले, तर ती घसरण सेवेमुळे झाली असे धरायचे. नियम ९ म्हणतो की हक्क सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर टाकायचे नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. २००८ च्या नियमांत ही भाषा पातळ झाली, तरी सर्वसाधारणपणे दावेदाराला पुरावा मागायचा नाही हे तत्त्व नियम ७ मध्ये टिकले. त्याला एक अपवाद मात्र जोडला गेला. सेवेतून बाहेर पडल्यावर १५ वर्षांनी दावा केला आणि तोवर जुने कागद नष्ट झालेले असतील, तर सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर येते. विलंबाचा फटका कुणाला बसतो ते या एका अपवादातूनच दिसते. कागद सांभाळतो रेकॉर्ड ऑफिस, कागद नष्ट करतो रेकॉर्ड ऑफिस, आणि कागद नसल्याचे परिणाम भोगतो सैनिक.

आता तो फॉर्म. एएफएमएसएफ-१६ हे त्याचे नाव. मुदत संपून निवृत्त होणाऱ्याचे रिलीज मेडिकल बोर्ड आणि आजारपणामुळे मध्येच काढल्या जाणाऱ्याचे इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, दोन्ही याच फॉर्मवर होतात. सुरुवातीला सैनिकाचे स्वतःचे निवेदन असते: कुठे कुठे पोस्टिंग झाले, त्रास कधी, कोणत्या ठिकाणी सुरू झाला, भरतीपूर्वी काही होते का. मग तपासणीचे निष्कर्ष. शेवटच्या भागात मंडळाचे मत. तिथे एक छोटा तक्ता आहे: आजाराचे नाव, सेवेमुळे आला का, सेवेमुळे बळावला का, आणि सविस्तर कारणे. पहिल्या दोन रकान्यांत ‘नाही’, ‘नाही’ असे येते. कारणांच्या रकान्यात जे येते ते हजारो फॉर्मवर जवळपास शब्दशः सारखे सापडते: आजार पीस स्टेशनला (म्हणजे मोहिमेपासून दूरच्या, शांत भागातल्या छावणीत) सुरू झाला, फील्ड (म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेचा भाग), अतिउंच भाग किंवा घुसखोरीविरोधी मोहिमेतल्या ताणाशी त्याचा काळाच्या दृष्टीने जवळचा संबंध नाही, सबब अमुक परिच्छेदानुसार अमान्य. कधी एवढेही नसते. ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’, म्हणजे प्रकृतीतच असलेला विकार, एवढे दोन शब्द लिहून काम भागते. माजी सैनिकांच्या बोलण्यात या शेऱ्याला ‘नाना’ म्हणतात. सेवेमुळे आलेला नाही आणि बळावलेलाही नाही या इंग्रजी शेऱ्याच्या आद्याक्षरांवरून.

त्याच्या खालीच टक्केवारीचा रकाना असतो. तिथे अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी, असे नोंदवलेले असते. आणि त्याला लागून ‘पेन्शनसाठी पात्र निव्वळ अपंगत्व: शून्य’. एकाच पानावर, एकाच सहीखाली, ३० आणि शून्य. ज्याच्या हातात हा कागद येतो त्याला पहिल्या वाचनात वाटते की आपले अपंगत्वच मंडळाने नाकारले. खरे तर मंडळाने ते मान्य केलेले असते. नाकारलेला असतो तो सेवेशी संबंध, आणि तोही कारणाविना. हा फरक न कळल्यामुळे अनेकजण चुकीच्या मुद्द्यावर अपील करतात. ‘माझा त्रास खरा आहे’ हे सिद्ध करायला खासगी डॉक्टरांचे नवे रिपोर्ट जोडतात, जे कुणीच अमान्य केलेले नसते. मूळ प्रश्नावर, म्हणजे भरतीच्या वेळी नोंद होती का आणि सेवेत काय वाट्याला आले यावर, अर्जात एक शब्द नसतो.

‘पीस स्टेशन’चा युक्तिवादही जरा तपासून पाहण्यासारखा आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत उच्च रक्तदाब, मधुमेह अशा आजारांना फील्ड पोस्टिंगशी बांधलेले आहे. हृदयविकारात झटक्याआधीच्या १४ दिवसांत काय ड्यूटी होती ते युनिटकडून मागवले जाते. पण उच्च रक्तदाब काही पोस्टिंगच्या आदेशाची तारीख पाहून सुरू होत नाही. दोन-तीन वर्षे नियंत्रण रेषेवर काढून माणूस पुण्याला किंवा झाशीला येतो, तिथे वार्षिक तपासणीत दाब पहिल्यांदा पकडला जातो, आणि कागदावर ‘सुरुवात: पीस स्टेशन’ अशी नोंद होते. आजार सुरू झाल्याची तारीख आणि तो सापडल्याची तारीख यांत फॉर्म फरक करत नाही. शिवाय पीस स्टेशनलाही सैनिक सैनिकच असतो. बंदोबस्त, पूर आणि भूकंपातली मदत, फायरिंग रेंज, रात्रीच्या ड्यूट्या, हे सगळे तिथेच असते. दिल्ली उच्च न्यायालयाने अलीकडच्या निकालांत हेच म्हटले आहे, की सुरुवात पीस स्टेशनला झाली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही.

जखमेच्या बाबतीत गाठ निराळी असते. तिथे इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६ हा फॉर्म, वेळेवर भरला गेला का यावर सारे अवलंबून असते. त्यावर कमांडिंग ऑफिसरने जखम ड्यूटीवर झाली की नाही ते लिहायचे असते. गंभीर प्रकरणात कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते. पाय मोडलेला जवान इस्पितळात असतो, युनिट तोवर दुसरीकडे हलते, फॉर्म अर्धवट राहतो. वीस वर्षांनी निवृत्तीच्या वेळी मंडळ विचारते, रिपोर्ट कुठे आहे? तेव्हा साक्षीदार, कमांडिंग ऑफिसर, सगळेच निवृत्त झालेले असतात.

या एका शेऱ्याने किती रुपयांचा फरक पडतो? समजा हवालदार आहे, शेवटचे मूळ वेतन ४०,४०० रुपये. सैनिकी सेवा वेतन ५,२०० धरले की ४५,६०० झाले. १०० टक्के अपंगत्वाला याच्या ३० टक्के, म्हणजे १३,६८० रुपये महिना. त्याच प्रमाणात खाली. ३० टक्क्यांना ४,१०४ रुपये. पण ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची पद्धत आणली. ५० च्या आतले अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५, त्यावरचे १००. सरकारने हा लाभ आजारपणामुळे काढलेल्यांपुरताच ठेवला होता. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो द्यावा लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात ठरवले. म्हणजे आपल्या हवालदाराला ५० टक्क्यांच्या हिशेबाने ६,८४० रुपये, वर महागाई भत्ता. वर्षाला महागाई भत्ता सोडून ८२,०८० रुपये.

आता विलंब मोजू. सतत चालू असलेल्या अन्यायात दावा उशिरा केला तरी तो बाद होत नाही, पण थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून चालत आले आहे. हा हवालदार आपल्या कागदावरच्या शून्याचा अर्थ समजायला आठ वर्षे घेऊन मग न्यायाधिकरणात गेला, तर पाच वर्षांचे ४,१०,४०० रुपये कायमचे गेले. तो खटला जिंकला तरी. मिलिटरी अपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत घराघरात फौजेत गेलेली माणसे आहेत. अशा गावांत ‘बोर्डाने नाही म्हटले’ या एका वाक्यावर गप्प बसलेले किती असतील, आणि त्यांचे किती पैसे असे कायमचे बुडाले असतील, याचा हिशेब सरकारने स्वतःहून कधी मांडलेला नाही.

अपिलाचा रस्ता कागदावर नीट आखलेला आहे. दावा फेटाळल्याचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, सेना मुख्यालयाच्या फर्स्ट अपील समितीकडे. तिथे नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील, सेकंड अपेलेट कमिटीकडे. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, जे २००७ च्या कायद्याने झाले आणि ऑगस्ट २००९ पासून चालू आहे. महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबईचे खंडपीठ. दोन्ही समित्या बहुतेक वेळा माणसाला समोर न बोलावता कागदांवरूनच निर्णय देतात, आणि कागद म्हणजे तोच फॉर्म, तीच ओळ. मूळ मंडळाने कारण दिलेले नसेल तर वरच्या समितीला तपासायला असते तरी काय? म्हणून पहिला नकार, दुसरा नकार, दोन्हींत पुन्हा तेच वाक्य येते. वर्ष-दोन वर्षे यात जातात. माणसाला न तपासता कागदावरून मत देण्यातली गफलत नवीन नाही. पूर्वी अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयातले वैद्यकीय सल्लागार मंडळाने मान्य केलेली टक्केवारीसुद्धा परस्पर खोडत असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मोहिंदर सिंग प्रकरणात त्याला आळा घातला.

न्यायाधिकरणात एक न्यायिक आणि एक लष्करी पार्श्वभूमीचा प्रशासकीय सदस्य मिळून खंडपीठ बसते. दोनपैकी एक जागा रिकामी राहिली की काम ठप्प. नेमणुका न झाल्याने देशभरातली खंडपीठे महिनोन्‌महिने बंद राहण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. निवृत्तीच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात, तरी जागा रिकाम्या होईपर्यंत नावे ठरत नाहीत.

तरीही शेवटी निकाल लागतो, आणि अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणांत तो मोठ्या प्रमाणावर सैनिकाच्या बाजूने लागतो. कारण कायदा ठरलेला आहे. २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ एकेक करून सांगितला. तो सिग्नल्सचा, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलाचा जवान, १९८५ साली भरती झालेला, १९९४ मध्ये झटक्यांच्या आजारामुळे काढलेला. न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी नोंद नाही, मंडळाने कारण दिले नाही, तर आजार सेवेमुळेच आला असे धरावे लागेल. २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात आणखी पुढे जाऊन सांगितले, की ज्याला आजारामुळे सेवेतून काढले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त होते असेच मानले पाहिजे. नाही तर काढले कशाला? २०१५ मध्ये राजबीर सिंग, आणि मे २०२५ मध्ये पुन्हा एका निकालात, की कारणे नसलेले वैद्यकीय मत मतच नव्हे, त्याच्या जोरावर पेन्शन नाकारता येत नाही. एकच गोष्ट देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षे सांगत राहावी आणि खालच्या फॉर्मवर तीच ओळ येत राहावी, याला कायद्याची अस्पष्टता म्हणता येणार नाही.

आणि इथे दुसरी गाठ बसते. न्यायाधिकरणाने निकाल दिला की साधारणपणे तीन-चार महिन्यांत अंमलबजावणी करा, नाही तर व्याज द्या, असा आदेश असतो. मंत्रालय त्यावर काय करते? आधी अपिलाची परवानगी मागते. न्यायाधिकरण कायद्याच्या कलम ३० आणि ३१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयात जाता येते, पण त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न असावा लागतो. दरम्यान मुदत उलटते, सैनिकाला अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, मग सशर्त मंजुरीचे पत्र निघते: ‘वरच्या कोर्टाच्या निर्णयाच्या अधीन राहून’. त्यानंतर सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, मग ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत तो चढणे. पैसे खात्यात येतात, पण ते उद्या परत द्यावे लागतील ही टांगती तलवार राहते.

उच्च न्यायालयांचा दरवाजाही यात वेगळ्या प्रकारे उघडला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेजर जनरल श्रीकांत शर्मा प्रकरणात न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाने रिट ऐकू नये असे म्हटले होते. त्यामुळे हरलेल्या सैनिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाशिवाय मार्ग उरला नव्हता. २१ मार्च २०२३ ला परशोतम दास प्रकरणात ती अडचण दूर झाली आणि उच्च न्यायालयांचे अधिकार पुन्हा मान्य झाले. निकाल सैनिकाच्या सोयीचा. पण त्या दरवाज्यातून गठ्ठ्याने आत आल्या त्या केंद्र सरकारच्या याचिका, जिंकलेल्या सैनिकांविरुद्धच्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशा दोनशेहून अधिक याचिका फेटाळल्या. दोनशे म्हणजे दोनशे माणसे. प्रत्येकाला वकील करावा लागलेला, आणि मुद्दा प्रत्येक प्रकरणात तोच, धरमवीर सिंगपासून सुटलेला.

सरकारने स्वतःच्या धोरणात हे करायचे नाही असे कधीच लिहून ठेवले आहे. २०१० च्या राष्ट्रीय खटला धोरणात म्हटले होते, की ज्या प्रकरणात प्रश्न फक्त पेन्शनचा आहे आणि कोणतेही मोठे तत्त्व गुंतलेले नाही तिथे अपील करू नये. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. निवृत्त सेनाधिकारी, कायद्याचे जाणकार आणि कारगिलमध्ये पाय गमावलेला एक अधिकारी असे तिचे सदस्य होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल आला. अपंगत्वाच्या प्रकरणांत सरकारने स्वतःच्याच माणसांशी भांडणे थांबवावे, हा त्याचा एक मुख्य रोख होता. पर्रीकर मार्च २०१७ मध्ये गोव्याला परतले, आणि अपिले पुढेही दाखल होत राहिली.

विरुद्ध बाजूचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण तो पोकळ नाही. जीवनशैलीच्या आजारांवर अपंगत्व पेन्शन घेण्याचा कल वाढला आहे, आणि निवृत्त होणाऱ्यांपैकी ती मिळवणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांहून बरेच जास्त आहे, हे महालेखापरीक्षकांनी दाखवले आहे. खडतर पोस्टिंगे जवानांच्या वाट्याला जास्त येत असताना प्रमाण उलटे असावे, हे खटकण्यासारखेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नवे नियम आणले ते हेच कारण देऊन. त्यांत निकष आवळले, आणि सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही वेगळी संज्ञा आणली. गैरफायदा घेणारे असतील तर ते पकडलेच पाहिजेत. त्यांच्यामुळे खऱ्या जखमी माणसाकडे संशयाने पाहिले जाते.

पण गैरफायदा पकडायची जागा कोणती? ज्या मंडळासमोर माणूस प्रत्यक्ष उभा आहे, ज्याच्याकडे त्याची पंचवीस वर्षांची वैद्यकीय फाइल आहे, जे त्याला प्रश्न विचारू शकते, तीच. तिथे नीट तपासून, कारणे लिहून दावा फेटाळला तर तो न्यायाधिकरणातही टिकतो. कारण न लिहिता सरसकट ‘नाना’ मारला की खरा आणि खोटा दोघांनाही न्यायालयात सारखाच दिलासा मिळतो, कारण न्यायालयासमोर दोघांत फरक करायला काही नसते. म्हणजे आजची पद्धत लबाडालाही सोयीची आहे. ज्याच्याकडे वकील आणि चिकाटी आहे तो मिळवतो, मग तो पात्र असो वा नसो. राहून जातो तो इंग्रजी पत्र वाचता न येणारा शिपाई. अधिकारी आणि जवान यांच्या प्रमाणातल्या तफावतीचे एक कारण इथेही असू शकते, याचा विचार नवे नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

अमेरिकेतही हा प्रश्न आहे आणि तिथली व्यवस्था काही आदर्श नाही. जुन्या पद्धतीत अपिलाला सरासरी तीन वर्षांहून जास्त लागत. २०१७ मध्ये कायदा बदलला, फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. आता नकार मिळाल्यावर माजी सैनिक तीनपैकी एक वाट निवडतो: नवा पुरावा देऊन पुन्हा दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, किंवा थेट अपील मंडळ. पहिल्या दोन वाटांना सरासरी १२५ दिवसांचे उद्दिष्ट, मंडळाच्या सर्वांत सोप्या वाटेला ३६५. उद्दिष्टे नेहमी गाठली जात नाहीत, प्रकरणे वर-खाली फिरत राहतात. तरी तिथल्या कायद्यांतल्या दोन गोष्टी आपण जशाच्या तशा उचलाव्यात अशा आहेत. पहिली, एक वर्षाच्या आत पुढचे पाऊल टाकत राहिले तर पैसे मूळ दाव्याच्या तारखेपासून मिळतात; यंत्रणेने लावलेल्या वेळाची किंमत सैनिक मोजत नाही. दुसरी जास्त मोठी आहे. अपील मंडळाने सैनिकाच्या बाजूने निकाल दिला की सरकारला त्याविरुद्ध कोर्टात जाताच येत नाही. पुढे जाण्याचा हक्क फक्त माजी सैनिकाला. तिजोरी रिकामी झाली म्हणून हा नियम रद्द करावा लागला असे काही तिथे घडलेले नाही.

आपल्याकडे तेवढे करायला न्यायाधिकरण कायद्यात दुरुस्ती लागेल. तोवर मंत्रालयाने एक परिपत्रक काढले तरी बरेच होईल: अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणात वर जायचे असेल तर धरमवीर सिंग, सुखविंदर सिंग आणि राम अवतार या निकालांपलीकडचा कोणता नवा कायदेशीर प्रश्न आहे, हे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या नावानिशी एका पानात लिहायचे. लिहिता आले नाही तर अपील नाही. आज अपील करणाऱ्याला काही किंमत मोजावी लागत नाही. न करणाऱ्याला मात्र उद्या ऑडिटची शंका आली तर उत्तर द्यावे लागते. म्हणून सही करणारा सुरक्षित वाट धरतो. एका पानाची अट घातली की हे पारडे थोडे तरी फिरेल. आणि फॉर्मच्या बाबतीत नियम त्याहून सोपा: कारणांच्या रकान्यात भरतीच्या वेळची नोंद, पोस्टिंगची यादी आणि आजार भरतीच्या वेळीच का ओळखता आला नसता याचे उत्तर, या तीन गोष्टी नसतील तर रेकॉर्ड ऑफिसने फॉर्म तीस दिवसांत मंडळाकडे परत पाठवायचा. माणूस अजून सेवेत असतो, पुन्हा बोलावता येतो. ज्या दिवशी डिस्चार्ज बुक हातात मिळते त्याच दिवशी या फॉर्मची प्रतही मिळाली पाहिजे. आज अनेकांना ती मिळवायला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो, हे लाजिरवाणे आहे.

हे होईल तेव्हा होईल. ज्यांचा दावा आज अडला आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एएफएमएसएफ-१६ ची साक्षांकित प्रत आणि फेटाळल्याचे पत्र आधी हातात घ्या. आपल्या आर्म्सचे रेकॉर्ड ऑफिस, मग ते नाशिक रोडचे तोफखान्याचे असो, खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे असो की बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे, त्याला रजिस्टर टपालाने लिहा आणि पावती जपा. मंडळाने टक्केवारी किती दिली आणि नकार कोणत्या कारणाने दिला, हे दोन मुद्दे वेगळे करा. अपिलात तीन गोष्टी लिहा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, सेवेत अमुक ते अमुक काळ अमुक ठिकाणी होतो, मंडळाने कारण दिलेले नाही. मुक्कामांच्या तारखा शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदींच्या कागदात असतात. पहिल्या अपिलाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर वाट पाहत बसू नका. न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सहा महिने उलटले की दाद मागण्याचा मार्ग मोकळा होतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, पण आणखी एक वर्षही जाऊ देऊ नका, कारण प्रत्येक वर्षाचा हिशेब वर दिलेला आहे. दहा वर्षांच्या आत आजारामुळे बाहेर पडलेल्यांनी १६ जुलै २०२० चा आदेशही पाहावा. सेवेशी संबंध मान्य झाला नाही आणि माणूस नागरी नोकरीसाठीही कायमचा अपात्र ठरला, तर ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना इनव्हॅलिड पेन्शन मिळू शकते. पूर्वी अशांना नुसती ग्रॅच्युइटी देऊन घरी पाठवत. आणि निकाल आपल्या बाजूने लागला की त्याच आठवड्यात वकिलाला उच्च न्यायालयात कॅव्हेट टाकायला सांगा, म्हणजे सरकारला तुमच्या पाठीमागे स्थगिती मिळवता येणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालते. नंतर पुन्हा टाकावे लागते.

महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. ‘स्पर्श’मधल्या दुरुस्त्या, हयातीचे दाखले, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी माजी सैनिक तिथे येतच असतात. आलेल्या प्रत्येकाला तेव्हाच विचारता येईल: रिलीज बोर्डाचा कागद आहे का, त्यात टक्केवारी किती लिहिली आहे, आणि पुढच्या रकान्यात शून्य आहे का. ज्यांच्या कागदावर २० किंवा त्याहून जास्त आकडा आणि शेजारी शून्य आहे त्यांची वेगळी यादी करून प्रत्येकाचे पहिले अपील कार्यालयातच मराठीत समजावून इंग्रजीत भरून द्यावे. याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. साताऱ्यात, कोल्हापुरात, सांगलीत, अहिल्यानगरात हे काम येत्या महिन्यापासून सुरू होऊ शकते.